प्रमुख पाहुणा आणि वाटाड्या

मराठीत ‘मार्गदर्शन’ या शब्दाची अवस्था अलीकडे केविलवाणी झाली आहे. बाजारात मिळणाऱ्या उत्तरपुस्तिकांच्या मुखपृष्ठावर तो असतो, खासगी शिकवण्यांच्या फलकांवर असतो आणि शाळांच्या कार्यक्रमपत्रिकेत तर ‘प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन’ या ठरलेल्या शब्दजोडीत तो असतोच असतो. मार्ग दाखवणे हा मूळ अर्थ केव्हाच झिजून गेला असून, ज्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही अशा श्रोत्यांसमोर अर्धा तास बोलणे एवढाच अर्थ उरला आहे. याच्या शेजारी आपल्या भाषेत आणखी एक शब्द आहे, ‘वाटाड्या’. अनोळखी मुलुखात वाटाड्या बोटाने दिशा दाखवून थांबत नाही. तो सोबत चालतो, ओढ्याला पाणी किती आहे ते स्वतः उतरून पाहतो आणि पुढचे गाव दृष्टिपथात आले की माघारी फिरतो. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेतील धाकट्या मुलांना हात द्यावा, ही कल्पना सध्या सर्वत्र उत्साहाने मांडली जाते. या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्यातून आपण प्रमुख पाहुणे घडवतो आहोत की वाटाडे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विचारायला हवा. कारण हा प्रश्न बऱ्याच अंशी निवेदनाचा आहे: कोणी, कोणाला, कोणत्या अंतरावरून आणि काय वगळून सांगावे, याचा.

दहावीच्या जुन्या तुकड्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट निघाले तेव्हापासून स्नेहमेळाव्यांना बहर आला आहे. पंचवीस वर्षांनी माणसे एकत्र येतात, जुन्या बाकांवर बसून छायाचित्रे काढतात, निवृत्त गुरुजनांना शाल-श्रीफळ देतात, शाळेला पाण्याचे यंत्र किंवा संगणक भेट देतात. यात वाईट काहीच नाही. नंतर त्यांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेल्या एकाला आजी विद्यार्थ्यांसमोर उभे केले जाते. तो आपली कहाणी सांगतो: घरची गरिबी, अनवाणी चालत गाठलेली शाळा, गुरुजींचा मार, जिद्द, परिश्रम आणि आजचे पद. या कहाणीचा साचा इतका पक्का झाला आहे की वक्ता बदलला तरी वाक्ये फारशी बदलत नाहीत. साचा असण्यालाही हरकत नाही. लोककथेलाही साचा असतो. हरकत आहे ती या साच्यातून जे हमखास गळते त्याला. गरिबी आणि यश यांच्या मधली सात-आठ वर्षे ‘परिश्रम’ या एका शब्दात संपतात. पैसे नेमके कोठून आले, कोणत्या विषयात नापास झालो, वसतिगृहाचा अर्ज कोणी भरून दिला, कोणाच्या ओळखीने काम मिळाले, कोणत्या गोष्टीची लाज वाटत होती, यांतले काहीही मुलांपर्यंत पोचत नाही. आणि समोर बसलेल्या नववीतल्या मुलीला तर तीच माहिती हवी असते.

अशा मेळाव्यांत कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता हटकून म्हटली जाते. ती कोण म्हणतो आणि कोणत्या प्रसंगी, हे पाहण्यासारखे आहे. त्या कवितेतला माणूस माजी विद्यार्थीच आहे. पण तो सत्काराला आलेला नाही. पुराने त्याचे घर धुऊन नेले आहे. पावसात भिजून तो जुन्या शिक्षकाच्या दारी आला आहे, काय वाहून गेले आणि काय उरले याचा चोख हिशेब त्याच्यापाशी आहे आणि त्याला पैसे नको आहेत. कविता ज्या क्षणाची आहे तो क्षण नुकसानीचा आहे, आणि आपण ती म्हणतो सुस्थितीत पोचल्यानंतर. म्हणणाऱ्यांचा भाव खोटा असतो असे मी म्हणणार नाही. तथापि कवितेतला तो ओलेता माणूस आठवीच्या वर्गासमोर उभा राहून आपला हिशेब सांगू लागला, तर मुले आपल्या प्रमुख पाहुण्यापेक्षा त्याच्याकडून अधिक शिकतील, असे मला वाटते.

‘मेंटर’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे, तेव्हा त्याच्या मुळाशीही जाऊन यावे. होमरच्या ‘ओडिसी’त मेंटर हा ओडिसिअसचा मित्र. युद्धावर जाताना राजाने घरदार त्याच्यावर सोपवलेले असते. प्रत्यक्ष काव्यात या वृद्ध गृहस्थाच्या हातून फारसे काही घडत नाही. जे घडते ते त्याचे रूप घेऊन आलेल्या अथीनी या देवतेकडून. आणि ती करते काय? तेलेमाकसला उपदेशाचे डोस पाजत बसण्याऐवजी ती जहाजाची तजवीज करते, रात्री त्याच्याबरोबर निघते आणि पायलोसला वृद्ध नेस्टरसमोर जाताना, थोरामोठ्यांशी कसे बोलावे या संकोचाने त्याचे पाय अडखळतात तेव्हा, तुला सुचेल असा धीर देऊन त्याला पुढे करते. बोलायचे मात्र त्याचे त्यानेच. ते जमले म्हणताच ती निघून जाते आणि स्पार्टापर्यंतचा उरलेला प्रवास तो नेस्टरच्या मुलाच्या सोबतीने, म्हणजे जवळजवळ समवयस्काच्या सोबतीने करतो. पुढे १६९९ मध्ये फेनेलाँ या फ्रेंच धर्मगुरूने तेलेमाकसवर एक बोधपर कादंबरी लिहिली आणि ‘मेंटर’ला आजचा अर्थ मिळाला तो बव्हंशी तिच्यामुळे. फेनेलाँ राजाच्या नातवाचा शिक्षक होता. त्याचा मेंटर पुष्कळ बोलतो. आपल्या शाळांनी आदर्श घेतला तो होमरचा नव्हे, फेनेलाँचा, असे गमतीने म्हणता येईल.

संकोच हा यातला कळीचा शब्द आहे. आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावी विज्ञानाच्या वर्गात जाऊन बसतो तेव्हा त्याच्यावर जे गुदरते, त्याचे यथार्थ वर्णन मी कोणत्याही सत्काराच्या भाषणात ऐकलेले नाही. त्याने ‘संवेग’ शिकलेला असतो, ‘त्वरण’ शिकलेले असते, गणितेही सोडवलेली असतात. वर्गात ‘मोमेंटम’ आणि ‘अ‍ॅक्सेलरेशन’ ऐकू येते, आणि ही आपलीच जुनी ओळखीची माणसे आहेत हे त्याला पहिले काही आठवडे उमगत नाही. पाठ्यपुस्तकात इंग्रजी संज्ञा असतात, पण परीक्षेत विचारत नाहीत म्हटल्यावर डोळा त्यांच्यावरून घसरत गेलेला असतो. शंका विचारायची तर इंग्रजीत विचारावी लागेल या भीतीने तो गप्प बसतो आणि गप्प बसणे म्हणजे ढ असणे, असा निष्कर्ष वर्ग काढतो. काही दिवसांनी तो स्वतःही काढतो. ‘सेमी-इंग्रजी’ने या धक्क्याची तीव्रता काहीशी कमी केली असली, तरी वर्गात तोंड उघडण्याच्या संकोचावर तो उपाय नव्हे. ही अडचण दूर करायला कोणी महापुरुष लागत नाही. दोन वर्षांपूर्वी याच शाळेतून गेलेला, आज बारावीत असलेला मुलगा शनिवारी शाळेत आला, त्याने आपली अकरावीची वही उघडली आणि मराठी-इंग्रजी दोन रकान्यांत शे-दीडशे शब्द मांडून दाखवले, तर अर्धे काम होते. उरलेले अर्धे होते ते ‘मीही तीन महिने एक शब्द बोललो नव्हतो’ या त्याच्या एका वाक्याने. हे वाक्य शिक्षक म्हणू शकत नाही, पालक म्हणू शकत नाहीत; आणि वीस वर्षांनी परदेशातून आलेला अभियंता ते विसरून गेलेला असतो, किंवा आठवत असले तरी त्याच्या तोंडी ते आता विनोदासारखे ऐकू येते.

अंतराचा मुद्दा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. शिकून नुकताच पुढे गेलेला सर्वांत चांगले शिकवतो, हे फार जुने शहाणपण आहे. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या इंग्रज कारभारातील धर्मगुरूने मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याचा प्रयोग केला आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची पद्धत पुढे इंग्लंडात गाजली. एतद्देशीय शाळांत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्याला ती युक्ती सुचली होती. म्हणजे धूळपाटी आपली आणि पेटंट मद्रास पद्धतीचे! बेलचा हेतू स्वस्तात शिक्षण हाही होता, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

मराठी साहित्यात या अंतराचे भान ज्या पुस्तकांना होते, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते आणि छात्रालयात मुलांबरोबर राहत होते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त त्यांनी निवेदनाची जी चौकट निवडली तिच्याकडे आपण, आईच्या गहिवरामुळे, पुरेसे लक्ष देत नाही. श्याम व्यासपीठावरून बोलत नाही. आश्रमातल्या सोबत्यांना तो रोज रात्री थोडे थोडे सांगतो; आणि सांगतो ते बहुधा आपल्या भित्रेपणाचे, हट्टांचे आणि चुकांचे. पोहायला घाबरणारा श्याम ज्याने लपवला नाही, त्याचे बाकीचे सांगणे मुलांनी खरे मानले. बेचाळीस रात्री हा आकडाही बोलका आहे. आपण एका पाहुण्याला वर्षातून चाळीस मिनिटे देतो.

आणि ‘कोसला’. १९६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, वसतिगृहाच्या आणि खाणावळीच्या व्यवहारांत गुरफटणारा, खर्च करून बसणारा, अभ्यासात घसरणारा आणि अखेर गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर हा कोणत्याही शाळेने सत्काराला बोलावला नसता असा माजी विद्यार्थी आहे. समीक्षेने त्याच्या परात्मतेबद्दल भरपूर लिहिले. ते आवश्यकही होते. परंतु खेड्यांतून शहरांतल्या वसतिगृहांत आलेल्या मुलांनी हे पुस्तक ज्या तऱ्हेने हातोहात फिरवले, त्यामागे आणखी एक साधे कारण असावे. आपल्याआधी कोणीतरी याच खोलीत राहून गेला आहे आणि त्याने झाकपाक न करता सगळे लिहून ठेवले आहे, असा विश्वास त्यांना मिळाला. घरून आलेल्या पैशांचा हिशेब वडिलांना कसा द्यावा हा प्रश्न यशकथांत येत नाही; ‘कोसला’त येतो. शाळेच्या व्यासपीठाने जे काम नाकारले ते एका कादंबरीने केले, आणि जवळच्या अंतरावरून केले.

याचा अर्थ अपयशाचे गौरवीकरण करावे असा कोणी काढू नये. त्याचाही एक साचा तयार होऊ लागला आहे. ‘मीही बारावीत नापास झालो होतो’ हे वाक्य यशस्वी माणसाच्या तोंडी दागिन्यासारखे शोभू लागले आहे. मला अपेक्षित आहे तो तपशील, त्याहून जास्त काही नाही.

संस्थेच्या पातळीवर हे जमल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत. गांधीजींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचा आर्थिक भाग सर्वांना ठाऊक असतो. तिचा दुसरा परिणाम असा की थोरली आणि धाकटी मुले एकाच शेतात, एकाच चुलीपाशी राबली, आणि शिक्षण संपवून त्यांतली कित्येक संस्थेच्याच शाखांत शिकवायला गेली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतले ठळक नाव. कर्मवीरांच्या छायेत शिकलेला हा विद्यार्थी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला आणि संस्थेत इंग्रजी शिकवू लागला; पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. महात्मा फुल्यांचे लेखन इंग्रजीत नेणारा अनुवादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. कर्मवीरांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले आणि त्याला वडाचे नाव दिले. वटवृक्ष हे रयतचे बोधचिन्ह. पारंबी खाली येऊन रुजली की स्वतःच खोड होते, हे त्या मुलांना वेगळे समजावण्याची गरज नव्हती. आज प्रत्येक माजी विद्यार्थ्याने शिक्षक व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, करूही नये. तेथे परतणारा माणूस पाहुणा नव्हता, एवढेच मला अधोरेखित करायचे आहे.

आता अडचणींकडे येऊ. माजी विद्यार्थ्यांचे बळ सर्व शाळांना सारखे लाभत नाही. शहरातल्या शतकी परंपरेच्या शाळेकडे डॉक्टर, वकील, उद्योजक यांची रांग असते. तिथल्या मुलांना त्यांची गरज सर्वांत कमी, कारण तसे काका-मामा घरातच असतात. तांड्यावरच्या, पाड्यावरच्या शाळेतून पहिला पदवीधर अजून निघायचा असतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनाच आणखी मिळावे, अशी ही व्यवस्था तिच्या तिच्या गतीने होत जाते. २०१७ च्या अखेरीस राज्यशासनाने अत्यल्प पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्या शाळांच्या बाजूने उभे राहायला माजी विद्यार्थ्यांच्या संघटना नव्हत्या. होते ते गावात शेती-मजुरी करणारे माजी विद्यार्थी, आणि त्यांना ‘माजी विद्यार्थी’ म्हणून कोणी मोजत नाही. चौथी शिकून गवंडी झालेल्या माणसाला भूमितीच्या तासाला बोलावून ओळंबा आणि गुण्या कसा वापरतो ते दाखवायला सांगावे, असे आपल्या शाळांना का सुचत नाही?

मराठी शाळांच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट आहे. स्नेहमेळाव्यात ‘माय मराठी’ने सद्गदित होणाऱ्या बहुतेकांची मुले इंग्रजी माध्यमात शिकत असतात. तो त्यांचा निर्णय. त्यासाठी त्यांना धारेवर धरण्यात मला रस नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर पेढे वाटणाऱ्यांतही ते होते. परंतु समोर बसलेली मुले भाबडी नसतात. आपल्या शाळेचे कौतुक करणारा पाहुणा आपल्या मुलांना या शाळेत घालत नाही, हे त्यांना कळते. आणि भाषणातल्या शब्दांपेक्षा तोच संदेश त्यांच्या मनात मुक्कामाला राहतो. त्यावर उपाय म्हणून मौन बाळगण्यापेक्षा पाहुण्याने तेही मोकळेपणाने बोलावे: का घातले नाही, काय गमावले, काय मिळाले. दहावीच्या मुलांना असे प्रौढ संभाषण पेलते.

धोरणकर्त्यांनीही या कल्पनेला जवळ केले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माजी विद्यार्थी आणि स्थानिक समाज यांनी मुलांना वैयक्तिक शिकवणी, जादा तास, व्यवसाय मार्गदर्शन अशी स्वयंसेवा द्यावी, असा स्पष्ट उल्लेख आहे. येथे बेलची आठवण ठेवलेली बरी. रिक्त जागा भरायच्या नाहीत, असलेल्या शिक्षकांना सर्वेक्षणांच्या आणि माहिती भरण्याच्या कामाला जुंपायचे आणि वर्ग स्वयंसेवकांवर सोपवायचा, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. माजी विद्यार्थी गणिताच्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. तो शाळेत यायचा तर त्याला वर्गात कोणी ओळखणारे, मुलांशी गाठ घालून देणारे, त्याच्या येण्या-जाण्यावर लक्ष ठेवणारे शिक्षक तिथे हवेत. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हे टाळता येण्यासारखे नाही.

सर्वांत मोठी गळती मात्र विद्यार्थिनींची आहे, आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीचे नाव वडिलांच्या नाव-आडनावानिशी असते. लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते, गाव तर बदलतेच. वीस वर्षांनी तुकडीचा गट तयार होतो तेव्हा मुलगे सापडतात, कारण त्यांची घरे तिथेच असतात; मुलींच्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहते. त्यांतली एखादी तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका असते, एखादी दुसऱ्या जिल्ह्यात तलाठी असते, एखादीने लग्नानंतर दोन मुले सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली असते. नववीतल्या ज्या मुलीच्या घरी स्थळे पाहण्याची कुजबुज सुरू झाली आहे, तिला जिल्हाधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्याच्या भाषणाचा उपयोग किती? तिला हवी असते ती ही परिचारिका: घरच्यांना कसे समजावले, फॉर्म भरायला कोण आले, वसतिगृहात पहिली रात्र कशी गेली, हे सांगणारी. तिला शोधण्यासाठी एखाद्या वर्गशिक्षिकेने जुने रजिस्टर काढून, मुलींच्या माहेरच्या घरी जाऊन, आता ती कुठे असते, तिचे सासरचे नाव काय आणि तिचा नंबर आहे का, एवढे विचारून पेन्सिलीने समोर लिहून ठेवायला हवे. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्याला ‘शेरा’ म्हणतात. तो बहुतेक ओळींसमोर कोराच असतो.